कॅमेरा गाडी

कॅमेरा गाडी (वायफाय गाडी) : पुढच्या बाजूला छोटा कॅमेरा असलेली आणि स्मार्टफोनवरून चालणारी खेळण्यातली मोटार. साध्या रिमोटच्या गाडीवर सतत नजर ठेवावी लागते. ही गाडी पलंगाखाली किंवा शेजारच्या खोलीत शिरली तरी तिच्यापुढचे दृश्य फोनच्या पडद्यावर दिसत राहते.

बिनतारी संदेशांवर वाहन चालवण्याचा जाहीर प्रयोग निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला एका छोट्या बोटीवर करून दाखवला. फोनवर चालणारी कॅमेऱ्याची खेळणी मात्र अलीकडची. पॅरट या फ्रेंच कंपनीचा आयफोनवरून उडवायचा एआर ड्रोन २०१० मध्ये बाजारात आला, आणि त्या सुमारास अशा गाड्याही दिसू लागल्या.

गाडी चालू केली की ती स्वतःच, बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, आपले वायफाय (हॉटस्पॉट) सुरू करते. फोन त्याला जोडायचा आणि ॲप उघडायचे. इंटरनेट लागत नाही. नवख्या माणसाची पहिली अडचण इथेच होते : ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ असे समजून फोन गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतो आणि गाडी हलेनाशी होते. डेटा बंद केला की काम भागते. कॅमेऱ्याचे चित्र फोनपर्यंत पोचायला क्षणाचा काही भाग जातो, आणि खरे कसब या उशिराशी जुळवून घेण्यात आहे. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे चित्र ०.३ सेकंद मागे असेल, तर उंबरा पडद्यावर दिसेपर्यंत गाडी ३० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणून वळण थोडे आधीच घ्यावे लागते.

अशी गाडी घरीही जुळवता येते, आणि विकतच्या गाडीपेक्षा ती कितीतरी अधिक शिकवते. ईएसपी-३२ कॅम हा कॅमेरा आणि वायफाय एकत्र असलेला छोटा बोर्ड, बोर्डाच्या हुकमाप्रमाणे मोटारींना वीज पुरवणारा ‘मोटार ड्रायव्हर’ हा भाग, चाके फिरवणाऱ्या पिवळ्या गिअर मोटारी आणि लिथियम सेल एवढ्यावर भागते. कोल्हापूरला हाताने यंत्र जुळवण्याची सवय जुनी आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांनी ऑइल इंजिने घडवली, आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास याच शहरात देशी बनावटीचा चित्रपट-कॅमेरा तयार केला. घरच्या गाडीत हमखास येणारा बिघाड असा : चाक अडकले की मोटार एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढते, बोर्डाला मिळणारा विद्युतदाब (व्होल्टेज) घसरतो आणि चित्र जाऊन सगळे नव्याने सुरू होते. पोरांना वाटते कॅमेरा गेला. प्रत्यक्षात बोर्डाला वेगळा सेल दिला की बहुधा हा त्रास थांबतो.

विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना ते सक्तीचे आहे. हॉटस्पॉटला पासवर्ड नसेल तर आवाक्यातला कोणीही घरातले दृश्य पाहू शकतो, तेव्हा शक्य असेल तिथे पासवर्ड आधी घालावा. सेल फुगला असेल तर तो चार्ज करू नये.

या गाडीची खरी मजा दिवाळीत, गल्लीतल्या किल्ल्यावर आहे. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम चार बोटे उंच असल्याने कुंभार गल्लीतून आणलेला बोटभर मावळा पडद्यावर पुरुषभर उंच दिसतो, आणि तटावर पेरलेल्या अळिवाचे रान होते. त्यासाठी महादरवाजा वीतभर रुंद आणि वाट घट्ट चोपलेली ठेवावी लागते, नाहीतर चाके मातीत रुततात. ओल्या मातीतून वायफायची लहर नीट जात नाही. गाडी भुयारात शिरली की चित्र अडखळते आणि मग थांबते. एकाने फोन घेऊन भुयाराच्या दुसऱ्या तोंडाशी बसावे, म्हणजे चित्र परत येते.