परदेशवारीनंतर मुलांना होणारा मलेरिया

मलेरिया नसलेल्या देशात वाढणारं मूल मलेरियाच्या भागात राहून येतं आणि घरी परतल्यावर तापाने फणफणतं, तो हा मलेरिया (हिवताप). अशी मुलं बहुतेक वेळा पर्यटक म्हणून गेलेली नसतात, ती सुट्टीत आजी-आजोबांकडे गेलेली असतात, म्हणजे लंडनहून लागोसला किंवा न्यू जर्सीहून ऐन पावसाळ्यात मुंबईला. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक केसेस आफ्रिकेतून येतात आणि त्यातला फॉल्सिपॅरम हा सगळ्यात घातक प्रकार, आपल्याकडून जाणाऱ्यांत मात्र व्हायवॅक्स जास्त. मुंबईत याचा डास बिल्डिंगच्या झाकण नसलेल्या टाकीत नाहीतर बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो.

"आम्ही इथेच वाढलो, आम्हाला काय होतंय" असं आईबाबा म्हणतात, पण बाहेर राहून त्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीसुद्धा उतरलेली असते आणि तिकडे जन्मलेल्या मुलाकडे तर ती नसतेच.

लहान मुलांत दिवसाआड हुडहुडी भरून येणारा ताप दिसेलच असं नाही. उलट्या, जुलाब, खोकला, पोट दुखणं, त्यामुळे व्हायरल किंवा गॅस्ट्रो समजून दिवस जातात आणि फॉल्सिपॅरममध्ये तेवढ्यात झटके येणं, साखर उतरणं, मूल गुंगीत जाणं इथपर्यंत मजल जाते. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कुठे जाऊन आलो ते आधी सांगायचं आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिली स्लाईड निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, 12 ते 24 तासांनी परत, अशी एकूण 3 वेळा बघतात. फॉल्सिपॅरमचा ताप बहुतेकदा चावल्यावर आठवड्यानंतर, महिन्याभरात येतो, व्हायवॅक्स मात्र लिव्हरमध्ये दडून कित्येक महिन्यांनी उठतो, तोवर ट्रिप कोणाच्या लक्षातही नसते! सिरियस मुलाला शिरेतून आर्टेसुनेट देतात. व्हायवॅक्स मुळापासून घालवायला प्रायमाक्वीन लागतं, पण त्याआधी जी6पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) पुरेसं आहे का याची टेस्ट हवीच, नाहीतर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.

प्रतिबंधक गोळ्या वजनावर ठरतात. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जेवणासोबत किंवा दुधासोबत द्यायची आणि परतल्यावरही 7 दिवस चालू ठेवायची, विमानातून उतरलो की बंद असं खूप घरांत होतं. पुण्याच्या सीरममध्ये बनणारी आर21 लस, जिची 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, ती मलेरियाच्या भागातच राहणाऱ्या मुलांसाठी आहे, सुट्टीपुरतं जाणाऱ्यांना गोळ्या, अंगभर कपडे आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणीच.