नगरपरिषदेचं काम घ्यायचं आहे? ई-निविदेची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा बीई झालेली तालुक्याच्या गावातली मुलं दोन-चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली साइट सांभाळतात, मग स्वतःचं लायसन काढतात आणि पहिली निविदा भरतात ती बहुधा आपल्याच नगरपरिषदेची. यातल्या कितीतरी निविदा दरावर पडत नाहीत, कागदावर पडतात. आर्थिक लिफाफा, म्हणजे दराचा भाग, उघडायच्या आधीच माणूस बाद होतो आणि काम पुन्हा ठरलेल्या दोन-तीन नावांतच फिरतं. नवा माणूस नियमात बसून स्पर्धेत टिकला तर शहराला रस्ता योग्य दरात मिळतो. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देतो आहे.

काम निविदेपर्यंत कसं येतं

प्रभागातलं गटार असो की काँक्रीट रस्ता, आधी बांधकाम विभागाचा अभियंता दरसूचीवरून (शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून) अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, कामाला प्रशासकीय मान्यता लागते. सगळा कारभार चालतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे. विषय मूल्यमर्यादेनुसार स्थायी समितीपुढे किंवा सर्वसाधारण सभेपुढे जातो आणि ठराव होतो. मधली काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासकच हे अधिकार वापरत होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, त्यामुळे आता पुन्हा निवडून आलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक सभागृहात आहेत. निविदा काढणं, करारावर सही करणं, कार्यारंभ आदेश देणं हे मात्र मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयाचं काम. त्यामुळे निविदेतली शंका विचारायची ती नगरसेवकाच्या घरी जाऊन नव्हे, बांधकाम विभागाला लेखी.

निविदा सूचनेत निधीचं शीर्ष लिहिलेलं असतं: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती सुधारणा, वित्त आयोग किंवा परिषदेचा स्वनिधी. नवे ठेकेदार ही ओळ वाचतच नाहीत. अनुदानाचा हप्ता आला नसेल तर काम पूर्ण होऊनही बिल अडकतं आणि सिमेंटवाल्याची उधारी तुमच्या डोक्यावर राहते. लहान भांडवलाच्या माणसाने दर ठरवायच्या आधी निधी जमा आहे की नुसता मंजूर आहे, हे लेखा विभागात विचारून घ्यावं.

कोण भरू शकतं

पहिली अट नोंदणीची. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची ठेकेदार नोंदणी वर्गवार असते आणि प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते. सुशिक्षित बेरोजगार अभियंता आणि मजूर सहकारी संस्था यांची नोंदणी वेगळी. निविदेत कोणता वर्ग मागितला आहे आणि तुमच्या प्रमाणपत्राची मुदत निविदा उघडण्याच्या दिवशी शिल्लक आहे का, हे दोन्ही पाहा.

मोठ्या कामांना तीन अटी जास्तीच्या येतात: मागच्या वर्षांची उलाढाल, तशाच स्वरूपाचं पूर्ण केलेलं काम आणि निविदा क्षमता. पहिल्या दोन सगळ्यांना कळतात. तिसरीत मात्र अनुभवी माणूससुद्धा चुकतो. तिचं प्रचलित सूत्र असं: मागील पाच वर्षांतल्या ज्या वर्षी सर्वांत जास्त काम केलं त्या वर्षाची रक्कम, गुणिले या कामाची मुदत वर्षांत, गुणिले निविदेत दिलेला गुणक, त्यातून हातात असलेल्या कामांची त्याच मुदतीतली रक्कम वजा. समजा तुमचं सर्वांत चांगलं वर्ष ६० लाखांचं होतं, कामाची मुदत सहा महिने आहे आणि गुणक २ आहे. म्हणजे ६० गुणिले ०.५ गुणिले २, झाले ६० लाख. या सहा महिन्यांत हातातली २५ लाखांची कामं पूर्ण करायची आहेत, तर क्षमता उरली ३५ लाख. काम ४० लाखांचं असेल तर तुम्ही अपात्र, दर कितीही कमी असला तरी. हातातली कामं लपवू नका. चालू कामांची यादी प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते आणि खोटी माहिती उघड झाली तर बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत रक्कम) जप्त होण्यापासून काळ्या यादीत जाण्यापर्यंत वेळ येते.

आणखी एक स्पष्ट सांगायला हवं. नगरसेवकाचा परिषदेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर त्याचं पद जाऊ शकतं, ही कायद्यातली तरतूद आहे. त्यामुळे ‘नाव तुझं, काम माझं’ अशी विचारणा कुणी लोकप्रतिनिधीने केली तर हात जोडून नाही म्हणा. लायसन तुमचं, जबाबदारीही तुमचीच राहते.

फाइल आधीच तयार ठेवा

निविदा निघाल्यावर कागद गोळा करायला बसलात तर वेळ पुरत नाही. पॅन, जीएसटी नोंदणी, ठेकेदार नोंदणी, व्यवसाय कराची कागदपत्रं, सीएने प्रमाणित केलेली उलाढाल, आयकर विवरणपत्रं, काम पूर्णत्वाचे दाखले, मशिनरीची यादी, मागितली असेल तर भविष्य निर्वाह निधीची नोंदणी, फर्म असेल तर भागीदारीपत्र आणि सही करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र, हे सगळं स्वच्छ स्कॅन करून पीडीएफमध्ये ठेवा. मोबाइलवर काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो छाननीत वाचता आला नाही तर दोष तुमचाच.

पूर्णत्वाच्या दाखल्यावर कामाचं नाव, रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, जावक क्रमांक आणि अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा. खासगी बिल्डरकडे केलेलं काम अनुभव म्हणून चालेल का, हे निविदेवर ठरतं. चालत असेल तरी त्यासोबत कर कपातीचा पुरावा मागतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंद, आहे म्हणून बयाणा रकमेतून सूट मिळेल, असं बरेच जण धरून चालतात. केंद्राचं ते खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्यांना लागू नाही. निविदेत सूट स्पष्ट लिहिली नसेल तर बयाणा भराच.

पोर्टलवर भरताना

राज्याचं पोर्टल म्हणजे महाटेंडर्स. त्यावर बोलीदार म्हणून नोंदणी करायची आणि वर्ग ३ ची डिजिटल सही जोडायची. ही सही ज्याच्या नावाने निविदा भरायची त्याच्याच नावाची हवी आणि ती यूएसबी टोकनही स्वतःजवळ हवी. सायबर कॅफेवाल्याकडे टोकन आणि पिन दोन्ही ठेवून देणारे ठेकेदार अजून दिसतात. कोऱ्या चेकबुकवर सह्या करून देण्यासारखंच आहे ते. मदत जरूर घ्या, टोकन घरी आणा.

लिफाफे दोन. पहिल्यात तांत्रिक कागदपत्रं, दुसऱ्यात दर. दर चुकूनही पहिल्या लिफाफ्यात दिसता कामा नये. दरपत्रकाची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून घ्यायची, तिचं नाव बदलायचं नाही आणि भरून तीच परत चढवायची. टक्केवारीच्या, म्हणजे बी-१ निविदेत तुम्ही अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त एवढंच भरता. त्या आकड्याशेजारी ‘जास्त’ की ‘कमी’ हे निवडायचा छोटा रकाना असतो. ८ टक्के बिलो भरायचं होतं आणि तिथे ‘जास्त’ राहून गेलं, तर तुमचा देकार, म्हणजे तुम्ही दिलेला दर, ८ टक्के अबव्ह झाला. फाइल चढवण्याआधी खाली अक्षरांत उमटलेली रक्कम मोठ्याने वाचा. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर भरावा लागतो, तिथे एकही रकाना रिकामा ठेवू नका.

बयाणा आणि निविदा शुल्क ऑनलाइन जातं. आरटीजीएसने भरलेली रक्कम पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नका. सगळं चढवून झालं की ‘फ्रीज बिड’ हे बटण दाबून निविदा पक्की करणं आवश्यक आहे. ते केलं नाही तर निविदा सादर झालेलीच नसते. पोचपावती उतरवून ठेवा. मुदतीच्या आत दर बदलून पुन्हा सादर करता येतं, पण निविदा एकदा मागे घेतली की त्याच कामासाठी परत भरता येत नाही. शिवाय रोज एकदा शुद्धिपत्रक पाहा. तारीख, परिमाण, कधी अटसुद्धा त्यातून बदलते.

दर किती खाली न्यायचा

माझं ठाम मत: काम मिळावं म्हणून २०-२५ टक्के खाली जाणं म्हणजे रस्त्याची जाडी आधीच कमी करून ठेवणं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर खाली गेला की जादा कामगिरी अनामत (काम नीट पूर्ण होईल याची हमी म्हणून जास्तीची ठेव) भरावी लागते, तिचं कोष्टक निविदेत असतं. बिलातून आयकराची कपात होते (व्यक्तीला १, फर्मला २ टक्के), करार अडीच लाखांवरचा असेल तर जीएसटीची २ टक्के कपात होते, बांधकाम कामगार उपकर १ टक्का जातो, सुरक्षा ठेव राखली जाते. खडी-मुरूमाच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तीही कापतात. जीएसटीचा दर १८ जुलै २०२२ पासून अशा कामांना १८ टक्के आहे, तो देकारात धरलेला आहे की वेगळा मिळणार हे अटींत वाचा. आयकर आणि जीएसटीची कपात पुढे तुमच्या खात्यात दिसते, उपकर परत येत नाही. हा हिशेब कागदावर मांडून मगच आकडा ठरवा.

उघडल्यानंतर

तांत्रिक छाननीचा निकाल आणि नंतर दरांची तुलना पोर्टलवर लॉगिन न करताही पाहता येते. पत्रकारांनी आणि जागरूक नागरिकांनीही ही सवय लावून घ्यावी. अपात्र ठरलात तर कारण लेखी मागा. उत्तर मिळालं नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. सभेचा ठरावच बेकायदा वाटत असेल तर अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याला स्थगिती देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, त्यांच्याकडे अर्ज करता येतो.

तुमचा देकार मंजूर झाला तर सुरक्षा ठेव भरून मुदतीत करारनामा करा आणि कार्यारंभ आदेश हातात आल्याशिवाय खड्डासुद्धा खणू नका, कुणी कितीही घाई केली तरी. काँक्रीटचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांच्या चाचणीसाठी अभियंत्यासमोर भरा, त्यावर तारीख घाला. मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना स्वतः हजर राहा आणि वाचून सही करा. दोष दायित्व कालावधीत, म्हणजे कामानंतर दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, रस्ता उखडला तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने करायची आहे. तो कालावधी संपला की पूर्णत्वाचा दाखला जोडून ठेव परत मिळण्याचा अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. अर्ज न दिल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ठेवी लहान ठेकेदारांच्याच जास्त असतात.