‘रिंगा रिंगा रोझेस’ खरंच प्लेगचं गाणं आहे का?

रोझेस म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, खिशातली फुलं दुर्गंधी टाळायला, मग शिंक (गाण्याच्या इंग्लंडमधल्या रूपातलं ‘अटिशू’) आणि शेवटी सगळे मरून पडतात; थोडक्यात, हे बालगीत १६६५च्या लंडनमधल्या प्लेगचं, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण साथी, युद्धं, दुष्काळ गाण्यांत उतरतातच.

इथे मात्र तारखा जुळत नाहीत. इंग्रजीत या गाण्याचे छापील उल्लेख सापडतात ते एकोणिसाव्या शतकात, म्हणजे साथीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. प्लेगची तपशीलवार वर्णनं करणाऱ्या त्या काळच्या रोजनिशीत ते नाही. प्लेगशी त्याचा संबंध जोडला गेला तो थेट विसाव्या शतकाच्या मध्यास.

लक्षणंही बसत नाहीत. त्या प्लेगची ठळक खूण काखेत-जांघेत येणाऱ्या गाठी, शिंक नव्हे.

पडताळायचं तर १८८१चा छापील पाठ शोधा, जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती मोफत मिळतात. त्यात शिंक नाहीच, ‘हश! हश!’ आहे. आपल्या बालवाडीतलं ‘हशा बुशा’ त्याच्या जवळचं वाटतं, नाही का? आणि शेवटी खाली पडणं? मुलांना धपकन पडायला आवडतं, एवढंच.