राडफारआउसबिल्डुंग (जर्मन प्राथमिक शाळांतील सायकल प्रशिक्षण)

जर्मनीतील प्राथमिक शाळांत, बहुधा चौथीच्या वर्गात, मुलांना दिले जाणारे सायकलचे आणि रहदारीचे प्रशिक्षण. नियमांचे धडे वर्गात शिक्षक शिकवतात, प्रत्यक्ष सराव मुख्यतः पोलीस करून घेतात. शेवटी लेखी आणि सायकलवरची अशी दुहेरी परीक्षा होते.

चौथीच का, याचे उत्तर कायद्यात आणि शाळांच्या रचनेत आहे. तिथल्या वाहतूक नियमांनुसार ८ वर्षांखालील मुलाने सायकल पदपथावरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकल मार्गावरूनच चालवायची असते. १० वर्षे पूर्ण होईपर्यंत पदपथाची मुभा राहते, पुढे ती संपते. शिवाय बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग सोडता इतर राज्यांत चौथीनंतर शाळाच बदलते, आणि नवी शाळा पुष्कळदा घरापासून लांब असते. म्हणजे मूल गाड्यांच्या सोबतीने रस्त्यावर उतरते ते नेमके याच सुमारास.

१९७० साली पश्चिम जर्मनीत रस्ते अपघातांत १९ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत २ हजारांहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शालेय वाहतूक शिक्षणाची शिफारस केली. ती १९९४ आणि २०१२ मध्ये सुधारण्यात आली. आज संपूर्ण जर्मनीत वर्षाला अपघातात जाणाऱ्या मुलांची संख्या शंभराच्या आत आहे. हे श्रेय एकट्या सायकलच्या तासाचे नव्हे. सीट बेल्ट, वस्त्यांमधली ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा आणि सुधारलेले उपचार यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

सराव सुरू होतो तो ‘युगेंडफेरकेअर्सशूल’ नावाच्या बंदिस्त मैदानात. तिथे आखलेले छोटे रस्ते, चौक, सिग्नल, झेब्रा पट्टे असतात. जिथे असे मैदान नाही तिथे पोलीस सायकली आणि फलक गाडीत घालून शाळेच्या पटांगणातच आणतात. सायकलचीही तपासणी होते : एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक, घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, पेडलवर पिवळे परावर्तक.

सगळ्यात अवघड धडा डावीकडे वळण्याचा. जर्मनीत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरून येणारी रहदारी आडवी कापावी लागते ती डावीकडे वळताना; आपल्याकडचे उजवे वळण जितके जोखमीचे, तितकेच हे. मुलाने आधी मान वळवून मागे पाहायचे, डावा हात बाहेर काढायचा, रस्त्याच्या मध्याकडे सरकायचे, समोरच्यांना जाऊ द्यायचे, पुन्हा एकदा मागे पाहायचे, दोन्ही हात हँडलवर ठेवून मोठा वळसा घ्यायचा आणि वळल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांसाठी थांबायचे. हा क्रम पाठ असलेले मूलही खांद्यावरून मागे पाहताच हँडल त्याच बाजूला ओढते आणि सायकल वाकडी जाते. खरी परीक्षा इथेच आहे. कागदावर शंभर टक्के मिळवणाऱ्यालाही हे अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करावेच लागते. लहानपणी फारशी सायकल न चालवलेली मुले वाढली आहेत, एका हाताने तोल सांभाळणेही त्यांना जड जाते, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते.

ट्रकचा धडाही अनेक ठिकाणी घेतात. पटांगणात ट्रक उभा करून त्याच्या उजव्या अंगाला अख्खा वर्ग उभा करायचा आणि एका मुलाला चालकाच्या आसनावर बसवायचे. आरशाच्या टप्प्याबाहेरचा कोपरा पट्ट्यांनी आखलेला असतो. त्यात उभे असलेले वर्गमित्र वर बसलेल्याला दिसेनासे होतात. ‘मला ट्रक दिसतोय म्हणजे ट्रकवाल्यालाही मी दिसतोय’ हा समज मोडायला फलकावरच्या कोणत्याही चित्रापेक्षा हा अनुभव अधिक परिणामकारक ठरतो.

मैदानातला सराव झाला की अनेक ठिकाणी पोलीस मुलांना शाळेजवळच्या खऱ्या रस्त्यावर नेतात. हा टप्पा सर्वत्र होत नाही, आणि ही मोठी उणीव आहे : मैदानातल्या चौकात मागून मोटार येत नाही.

उत्तीर्ण मुलांना प्रमाणपत्र किंवा ‘सायकल पास’ मिळतो. तो कायद्याने परवाना नव्हे. तो नसला तरी सायकल चालवण्यास बंदी नसते. पास मिळेपर्यंत मुलांना एकटे सायकलवर पाठवू नका, असे शाळा कळकळीने सांगतात, पण शाळेच्या वाटेचा निर्णय आईवडिलांचाच असतो. म्युनिक, श्टुटगार्टकडे स्थायिक झालेल्या मराठी पालकांना तर मुलाबरोबर सराव करताना आपली लहानपणापासूनची डाव्या बाजूची सवयही मोडावी लागते.