सरळ रस्त्याला मध्येच वळण कशाला?

माझा भाचा अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या फार्गोला असतो. तिथल्या शेतांमधून उत्तरेकडे गाडी चालवताना त्याला एक गोष्ट खटकली. अर्धा तास नाकासमोर जाणारा खडीचा रस्ता एकदम डावीकडे वळला, शे-दोनशे मीटरवर उजवीकडे वळला आणि पुन्हा उत्तरेला लागला. मध्ये टेकडी नाही, नदी नाही, कुणाचं घरही नाही. "मोजणीवाल्यांनी घोळ घातलाय," असं त्याचं मत. प्रत्यक्षात मोजणी चोख झाली, म्हणूनच तिथे वळण आहे.

1785 च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी जमिनीची चौकोनी मोजणी सुरू झाली. 6 मैल लांब आणि 6 मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा. डकोटा आणि ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर ही जाळी त्यांना न विचारता पसरली, हेही नोंदवायला हवं. नॉर्थ डकोटाच्या 53 काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) बऱ्याच जणींच्या सीमा याच रेषांवर आहेत, म्हणून नकाशात त्या खोक्यांसारख्या दिसतात. 1871 मध्ये डकोटा टेरिटरीने, म्हणजे राज्य होण्याआधीच्या या प्रदेशाच्या सरकारने, सेक्शनच्या रेषा सार्वजनिक रस्ते ठरवल्या: रेषेच्या दोन्ही बाजूंना 33-33 फूट. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. आपला गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. आणि 66 फूट म्हणजे मोजणीची एक पूर्ण साखळी, क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी!

आता खरी गंमत. उकडीच्या मोदकाच्या कळ्या आठवा. खाली एकमेकींपासून लांब, टोकाशी सगळ्या एकत्र. रेखांशाच्या रेषा तशाच ध्रुवाकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश सुमारे 111 किलोमीटर रुंद असतो, फार्गोच्या 47 अंश अक्षांशावर जेमतेम 76. म्हणून अचूक उत्तरेला जाणाऱ्या, 6 मैल अंतरावरच्या दोन रेषा 24 मैल पुढे गेल्या की त्यांच्यातलं अंतर सुमारे 206 फुटांनी कमी होतं. अशा चार टाउनशिप शेजारी घेतल्या तर तूट चौपट, 824 फूट, म्हणजे 250 मीटर. टाउनशिपमध्ये ही तूट पश्चिम कडेच्या सेक्शनांच्या पदरात टाकतात, त्यामुळे ते 640 एकरांना कमी भरतात. पण तूट साचतच जाते. म्हणून साधारण दर 24 मैलांवर एक पूर्व-पश्चिम दुरुस्ती रेषा आखतात आणि तिच्यावर पूर्वेच्या उत्तर-दक्षिण आधाररेषेपासून पुन्हा पूर्ण 6-6 मैल मोजतात. नवे कोपरे जुन्यांच्या पश्चिमेला पडतात. जुन्या कोपऱ्यावरून आलेल्या रस्त्याला नवी रेषा गाठायला डावीकडे सरकावंच लागतं. आधाररेषेपासून जितकं लांब, तितकं हे सरकणं मोठं.

फार्गोभोवतीचा प्रदेश हिमयुगातल्या अगासी सरोवराचा तळ आहे, पाटासारखा सपाट. 'पृथ्वी सपाट आहे' सांगणारे व्हिडिओ आजही लाखो लोक बघतात, याचं मला वाईट वाटतं. कारण इतक्या सपाट जागीही, साखळी घेऊन पायी फिरणाऱ्या माणसांना पृथ्वीचा गोलावा हिशेबात धरावाच लागला.

पुढे डांबरीकरण करताना अनेक ठिकाणी ही काटकोनी वळणं गोलाईत बसवली, कारण रात्री गाड्या सरळ शेतात जात. खडीच्या रस्त्यांवर मात्र ती अजून सापडतात. भाच्याला सांगितलंय, पुढच्या खेपेला मीटर बघ: अशा दोन वळणांमध्ये 24 मैल भरतात का.