टोल-सदृश रिसेप्टर आणि कर्करोग : पार्श्वभूमी

टोल-सदृश रिसेप्टर म्हणजे जंतूंची खूण ओळखून प्रतिकारशक्तीला जागं करणारी, पेशींमधली प्रथिनं. कर्करोगाशी त्यांच्या नात्याची गोष्ट मात्र ती सापडण्याच्या खूप आधी सुरू होते. १८९१ साली न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाला मुद्दाम जिवाणूंचा संसर्ग घडवला. आधीच्या एका रुग्णाची गाठ विसर्पाच्या (जिवाणूंमुळे होणाऱ्या त्वचेच्या संसर्गाच्या) तापानंतर नाहीशी झाल्याची नोंद त्यांच्या वाचनात आली होती. पुढे ते मारलेल्या जिवाणूंचं मिश्रण टोचू लागले. काहींच्या गाठी खरोखर ओसरल्या, पण कशामुळे ते सांगता येईना आणि किरणोपचार आल्यावर ही पद्धत मागे पडली.

त्याआधी, १८६३ मध्ये, जर्मनीत रुडॉल्फ विर्खो यांनी नेमकी उलटी बाजू मांडली होती. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहून त्यांनी कर्करोगाचा संबंध जुनाट दाहाशी जोडला होता. म्हणजे दाह गाठ मारतो की वाढवतो, हा वाद तेव्हापासूनचा.

उत्तराची वाट फळमाशीतून गेली. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला दिसलं की टोल जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. १९९७ मध्ये प्रतिकारशक्तीचे अभ्यासक मेदझितोव आणि जेनवे यांनी माणसातला तसाच रिसेप्टर दाखवला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी सिद्ध केलं की टीएलआर-४ (टोल-सदृश रिसेप्टर-४) जिवाणूंच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड हा घटक ओळखतो. कोलींच्या मिश्रणातल्या सेरॅशिया जिवाणूत हाच घटक होता! मूत्राशयाच्या कर्करोगात १९७६ पासून वापरात आलेली बीसीजी, आपल्याकडे बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, हीही याच कुळातल्या रिसेप्टरना जागं करते.

मला या इतिहासात २००७ हे वर्ष सर्वांत मोलाचं वाटतं. आतड्यात गाठी होणाऱ्या उंदरांमधून या रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणारं एमवायडी-८८ हे प्रथिन काढलं, तर गाठी कमी झाल्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की केमोथेरपीने मरणाऱ्या पेशी टीएलआर-४ मुळेच प्रतिकारशक्तीच्या नजरेत येतात. या रिसेप्टरमध्ये विशिष्ट जनुकीय फरक असलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांत आजार लवकर उलटत होता. म्हणजे विर्खो आणि कोली, दोघांचंही निरीक्षण खरं होतं. कोणत्या पेशीत आणि किती काळ हा निरोप चालू राहतो, यावर सगळं ठरतं.

२०११ मध्ये तर लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) पेशींतच एमवायडी-८८ चं उत्परिवर्तन सापडलं: जिवाणू नसतानाही निरोप अखंड चालू. वाल्डेनस्ट्रॉम या रक्ताच्या आजारात ते ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत आढळतं आणि निदानासाठी आज त्याची चाचणी होते.