आला २६ दिवसांत, परत जायला लागले तीन महिने

वास्को द गामाने भारताचा रस्ता शोधला असं आपण शाळेत घोकलेलं असतं, पण खरं सांगायचं तर त्या प्रवासातला अरबी समुद्राचा तुकडा त्याने शोधलेला नव्हताच. तिथे अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांची शेकडो वर्षं ये-जा चालू होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला, २४ एप्रिल १४९८ ला जहाजं निघाली आणि २० मे ला कालिकतजवळ पोचलीसुद्धा.

हे जमलं ते वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथे कमी दाब तयार होतो आणि समुद्रावरची हवा तिकडे ओढली जाते, म्हणून नैऋत्येकडून वारं येतं, म्हणजे आफ्रिकेकडून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला अगदी पाठीवर. हिवाळ्यात जमीन लवकर गार होते आणि सगळं उलटं, वारा ईशान्येकडून. मोसमी वारे म्हणतो ना आपण, त्यातला मोसमी हा शब्दच अरबी मौसिमवरून आलाय, म्हणजे ठरलेला हंगाम.

आणि हंगामच चुकला. कालिकतच्या सामुतिरीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, बिनसलं, गामा २९ ऑगस्टला तिथून निघाला. आपल्याकडे नारळी पौर्णिमा झाली की कोळी होड्या दर्यात घालतात हे खरं, पण ते किनाऱ्याजवळ, अख्खा समुद्र ओलांडून पश्चिमेला जायचं तर ईशान्येचं वारं नीट धरेपर्यंत थांबायला लागतं. तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर (हे आज गोव्यात मोडतं) थोडे दिवस थांबला आणि ५ ऑक्टोबरला पुढे निघाला, म्हणजे तरीही लवकरच. मग कधी वारा पडलेला, कधी समोरून, जहाजं नुसती रखडली. ताजं खाणं संपलं, क जीवनसत्त्व नाही म्हणजे शरीरात कोलॅजन नीट बनत नाही, हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले. या एका टप्प्यात ३० माणसं गेली, तितकीच आधी गेलेली, आणि एकेका जहाजावर काम करण्यासारखे सात-आठ जणच उरले. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं, कारण त्या खलाशांच्या हातात काहीच नव्हतं.

जानेवारी १४९९ मध्ये मालिंदी गाठल्यावर आजाऱ्यांसाठी आधी संत्री मागवली. चालवायला माणसं नाहीत म्हणून साव राफाएल हे जहाज जाळून टाकावं लागलं.

त्याच्या पाठोपाठ आलेला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल भारतातून परत निघाला तो जानेवारीत, १५०१ च्या, म्हणजे ईशान्येचं वारं नीट धरल्यावर.